चिमटीतलं बाळसं

बाळाला कुशीवर वळवायचं. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या जरा खाली, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी धरायची. खालचं मांस सोडून द्यायचं. कातडी आणि तिच्या आतली चरबी एवढीच घडी उचलायची. ती कॅलिपरच्या दोन जबड्यांत द्यायची आणि टाहो ऐकून आजी धावत यायच्या आत काट्यावरचा आकडा वाचायचा. जेमतेम चार-साडेचार मिलिमीटर.

एवढ्याशा घडीवर पुण्याने एक सिद्धांत उभा केला आणि सतरा वर्षांनी बंगळुरूने त्याला हरकत घेतली. मी मूळचा पुण्याचा आणि पोटापाण्यासाठी बंगळुरूत आलेला, त्यामुळे हा वाद मला घरच्या भांडणासारखा वाटतो. दोन्ही बाजूंचं ऐकावंसं वाटतं, आणि दोघंही पूर्ण चूक नाहीत असा संशय मनातून जात नाही.

वादाचं मूळ मात्र पुण्यात नाही आणि बंगळुरूतही नाही. ते मार्सेलिसला आहे. मार्सेलिस म्हटलं की मराठी माणसाला १९१० सालची सावरकरांची उडी आठवते. त्याच शहरात १९४७ साली झाँ व्हाग नावाच्या डॉक्टरांनी लठ्ठ माणसांबद्दल एक साधं निरीक्षण छापलं. लठ्ठपणा एक नसून दोन आहेत, असं त्यांचं म्हणणं. एकात चरबी मान, खांदे, पोट इथे साठते. हा पुरुषी घाट. दुसऱ्यात ती नितंब आणि मांड्यांवर उतरते. हा बायकी घाट. मधुमेह, गाऊट, रक्तवाहिन्या कठीण होणं ही दुखणी पहिल्याच्या मागे लागतात, दुसऱ्याच्या फारशी नाहीत. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, असा त्याचा अर्थ होत होता. पुढची तीसेक वर्षं या म्हणण्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी स्त्री-पुरुषांचा कंबरेचा घेर भागिले नितंबांचा घेर असा हिशेब मांडून दाखवला. त्यातून पोटाची चरबी आणि हृदयविकार यांचं नातं दिसलं, तेव्हा व्हाग यांची आठवण झाली. इथल्या चिकपेटेत घरात मराठी बोलणारे भावसार शिंपी आहेत. त्यातला एक माप घेताना ‘कंबर’ आणि ‘सीट’ असे दोन आकडे मोठ्याने सांगतो आणि पोरगा ते वहीत उतरवतो. गोथेनबर्गला नेमके हेच दोन आकडे लागले होते.

चरबीने कुठे जाऊन बसायचं हे ठरवतं कोण? बऱ्याच अंशी संप्रेरकं. वयात येताना मुलीच्या अंगी इस्ट्रोजेन वाढतं आणि चरबी मांड्या-नितंबांकडे वळते. तिथल्या पेशी ती सहजासहजी सोडतही नाहीत. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांसाठीची ती शिल्लक असावी. पाळी गेली की इस्ट्रोजेन ओसरतं, मग तीच चरबी पोटावर जमू लागते. “पाळी गेली आणि पोट सुटलं,” असं बायका आपसात म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

कॉर्टिसोलचं वागणं याहून उघड आहे. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या आजारात हे संप्रेरक अंगात बेसुमार वाढतं. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट माठासारखं फुगतं आणि हातपाय काड्या होतात. म्हणजे संप्रेरक चरबी नुसती वाढवत नाही, इकडची तिकडे करतं. १९९७ साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये विचारलं की साधी ढेरी म्हणजे पोटातल्या पोटात झालेला कुशिंगचा आजार तर नव्हे? आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची झालर असते. तिच्यातल्या पेशी निष्क्रिय कॉर्टिसोनपासून जागच्या जागी कॉर्टिसोल बनवतात, असं त्यांना आढळलं होतं. रक्त तपासलं तर सगळं ठीक. कारभार चाले तो आत. या झालरीतलं रक्त थेट यकृतात जातं, म्हणून तिथली चरबी अंगावरच्या चरबीपेक्षा जास्त उपद्रवी ठरते. यज्ञात बळी दिलेल्या पशूच्या पोटातली हीच झालर काढून तिची आहुती देत. तिला ‘वपा’ म्हणत. ही चरबी आता पुण्याच्या गोष्टीत येते आणि तिथले तिचे अभ्यासक आहेत डॉक्टर याज्ञिक. हा निव्वळ योगायोग आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहाचे डॉक्टर. मधुमेह हा खात्यापित्या, चाळिशी-पन्नाशीतल्या लठ्ठ माणसाचा आजार, असं ऑक्सफर्डपासून सगळीकडच्या पुस्तकांत लिहिलेलं. त्यांच्या दारात मात्र तिशी-पस्तिशीतली, बारीक अंगाची माणसं रांग लावून. १९९१ साली पॉल मॅककिग यांनी लंडनच्या साउथॉल भागातल्या भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांबद्दल अशीच तक्रार नोंदवली होती. वजन बेताचं, पण कंबर गोऱ्यांपेक्षा जाड आणि रक्तात इन्सुलिनही जास्त.

त्याच सुमारास साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर एक वेगळंच म्हणणं घेऊन उभे होते. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुइणींनी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि वहीतली बाळं साठी ओलांडल्यावर गाठली. जन्मतः हलकी असलेली माणसं हृदयविकाराने आणि मधुमेहाने जास्त पिडलेली निघाली. अशीच वही भारतात कुठे असेल का? ती निघाली बंगळुरूहून तीनेक तासांवरच्या म्हैसूरला. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन हॉस्पिटलने १९३४ पासून प्रत्येक बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर टिपून ठेवला होता. ही वही पुढे डोकेदुखी ठरली. हृदयविकाराचं गणित बार्कर यांच्या बाजूने लागलं, मधुमेहाचं लागेना. १९९८ साली कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं की म्हैसूरला मधुमेह झालेली माणसं जन्मतः हलकी नव्हती. ती आखूड आणि लांबीच्या मानाने गुबगुबीत होती, आणि त्यांच्या आयांचं वजन जास्त होतं. इंग्लंडचा कायदा कर्नाटकात जसाच्या तसा चालत नव्हता.

पुण्यात याज्ञिकांनी वहीची वाट पाहिली नाही. वही स्वतःच सुरू केली. आधी केईएमचे बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित यांच्या जोडीने, १९८७ ते ८९ मध्ये तिथे जन्मलेल्या मुलांना चार वर्षांची झाल्यावर बोलावून ग्लुकोजचं पाणी पाजलं. जन्मतः हलकी असलेल्या चिमुरड्यांच्या रक्तात अर्ध्या तासाने साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त निघालं. मग १९९३ साली थेट गर्भापासून सुरुवात करायची ठरली. केईएमच्या मागे खेड्यांतल्या कामाची बरीच मोठी पुण्याई होती. डॉ. बानू कोयाजींनी वढू बुद्रुकच्या परिसरात गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन कामाला लावलं होतं. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला वाटतं, त्या घडीला गावातल्या बाया अनोळखी माणसाला दार उघडत होत्या हीच या अभ्यासाची खरी सामग्री होती.

कारण काम नाजूक होतं. पुण्याजवळची सहा गावं. लग्न झालेली, मूल होण्याच्या वयातली आणि त्या वेळी गरोदर नसलेली प्रत्येक बाई नोंदवायची, तिची उंची-वजन घ्यायची आणि दर महिन्याला दारात जाऊन विचारायचं, “पाळी आली का?” सासूसमोर हे विचारायचं! पाळी चुकली की सोनोग्राफी, अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला रक्त, शिवाय ती काय खाते, किती राबते याची नोंद. सुमारे ८०० गर्भारपणं अशी टिपली गेली. या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि दिवस राहण्यापूर्वीचं वजन ४२ किलो. अठराव्या आठवड्याला त्यांच्या पोटात दिवसाकाठी साधारण १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं जात होती, आणि शेतावरचं काम, पाणी, लाकूडफाटा सगळं चालूच. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी हा आहाराचा हिशेब मांडला. कॅलरी वाढल्याने बाळ मोठं झालेलं दिसलं नाही. पालेभाजी, दूध आणि फळं खाणाऱ्यांची बाळं मोठी निघाली.

बाळं मोजायला तयारीची माणसं बसली आणि तीच पद्धत साउदॅम्प्टनला वापरली गेली. २००३ साली निकाल छापून आला. पुण्याजवळच्या खेड्यांतलं बाळ सरासरी २.७ किलो, साउदॅम्प्टनचं गोरं बाळ ३.५ किलो. फरक सगळीकडे होता, पण सारखा नव्हता. पोटाचा घेर सर्वांत मागे, कारण यकृतासारखे अवयवच लहान. दंड बारीक, म्हणजे मांस कमी. लांबी त्या मानाने बरी. आणि सगळ्यांत कमी मागे पडलेली ती फऱ्याखालची चार मिलिमीटरची घडी. अवयवांना, स्नायूंना काटकसर करणाऱ्या या बाळाने चरबीला मात्र हात लावला नव्हता. याज्ञिकांनी त्याला नाव दिलं: बारीक-पण-मेदयुक्त भारतीय बाळ.

संप्रेरकांची साक्ष आधीच, २००२ साली, निघाली होती. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. पुण्याचं बाळ सुमारे सातशे ग्रॅम हलकं असूनही त्याच्या रक्तात इन्सुलिन जास्त, आणि वजनाच्या मानाने लेप्टिनही जास्त. लेप्टिन हे मुख्यतः चरबीच्या पेशी स्रवतात. रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचं जनुक १९९४ मध्ये शोधलं. इन्सुलिनचा एक मोठा हुकूम असतो, साठव. तो हुकूम या मुलांना आईच्या पोटातच सुटला होता.

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा लेख आला. आशियाई लोकांसाठी बीएमआयचे आणखी खालचे टप्पे, २३ आणि २७.५, लक्षात घ्यावेत असं त्यात सुचवलं होतं. लेख १६३व्या पानावर संपला, आणि त्याच पानावर, उरलेल्या जागेत, दोन मध्यमवयीन पुरुषांचा फोटो छापला होता. डावीकडे याज्ञिक, उजवीकडे लंडनचे जॉन युडकिन, की उलट, याचा विचार करायची गरज नाही. दोघे सारखेच सडपातळ दिसतात. दोघांचा बीएमआय २२.३. एक्स-रेसारख्या तपासणीत मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. खाली याज्ञिकांनी स्वतःचीच थट्टा केली आहे: युडकिन मॅरेथॉन पळतात, आपण रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरतेच. आपलंही जन्मवजन कमी होतं, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. एक फोटो आणि दोन आकड्यांनी जे काम केलं ते कित्येक तक्ते करू शकले नसते. त्यानंतर ही कल्पना वर्गांत, परिषदांत, वर्तमानपत्रांत गेली आणि हळूहळू जन्मजात सत्यासारखी वावरू लागली.

बंगळुरूला नेमकं हेच खटकलं असावं. कोरमंगलच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शरीर मोजण्याची परंपरा जुनी आहे. प्रकाश शेट्टी आणि त्यांच्यामागे अनुरा कुर्पाड यांनी तिथे अर्धपोटी मजुरांचं शरीर विश्रांतीत किती ऊर्जा खर्च करतं हे वर्षानुवर्षं मोजलं. या मंडळींचा स्वभाव हिशेबनिसाचा. अंदाजाला मान देतील, पण पावती मागतील. मांस मोजायचं म्हणून त्यांनी माणसाच्या अख्ख्या अंगातलं पोटॅशियम मोजणारं यंत्र उभारलं. स्नायूंमध्ये पोटॅशियम असतं, त्यातला अत्यल्प भाग निसर्गतः किरणं सोडतो, आणि बाहेरची किरणं अडवली तर ती मोजता येतात. असल्या लोकांना चार मिलिमीटरच्या चिमटीवरून ‘भारतीय बाळ मेदयुक्त असतं’ हे विधान घाईचं वाटलं तर नवल नाही. घडी सांगते ते त्या जागेपुरतं. अख्ख्या बाळात चरबी किती, ते ती सांगत नाही.

अख्ख्या बाळाची चरबी मोजायला आता साधनं आहेत. एका साधनात बाळाला काचेच्या पेटीत दोन मिनिटं निजवतात, त्याने किती हवा बाजूला सारली त्यावरून आकारमान निघतं, वजनाशी ताडून घनता निघते, आणि घनतेवरून चरबी. आर्किमिडीजचीच युक्ती, फक्त पाण्याऐवजी हवा. रेबेका कुरियन, कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये निबंध छापला. त्याच्या शीर्षकातच निकाल होता: बारीक-पण-मेदयुक्त ठेवण भारतीय बाळांत जन्माच्या वेळी विरळाच आढळते. बारीक बाळात चरबी जास्त असणं सर्रास दिसलं नाही, असा त्याचा आशय. म्हणजे भारतीय माणूस पुढे कधी तरी तसा होत असेल, पण पाळण्यात नाही.

गंमत अशी की कर्नाटक या वादात एका बाजूला नाही. म्हैसूरला १९९७-९८ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास जी. व्ही. कृष्णवेणी आणि सहकाऱ्यांनी केला. त्या मुलांचीही फऱ्याखालची घडी जन्मतः त्या मानाने टिकून होती. चार वर्षांची झाली तेव्हा ती ब्रिटिश मुलांपेक्षाही जाड झाली होती, बाकी अंग मात्र लहानच. म्हैसूरने पुण्याच्या बाजूने साक्ष दिली आणि ती बंगळुरूच्या पंधरा वर्षं आधी, २००५ साली.

आता मला जे वाटतं ते सांगतो. मी डॉक्टर नाही, दोन्ही गावांत वावरलेला वाचक आहे. बंगळुरूने विचारलं ‘किती’, पुण्याने खरं तर विचारायला हवं होतं ‘कुठे’, पण नाव ठेवताना त्यांच्या तोंडून ‘किती’ गेलं. ‘मेदयुक्त’ हा शब्दच ‘किती’चा आहे. व्हाग यांनी १९४७ मध्ये केलेला भेद पाळण्यापाशी येऊन पुन्हा विसरला गेला. बंगळुरूचा निबंध माझ्या लेखी पुण्याचं म्हणणं खोडत नाही, त्याचं नाव दुरुस्त करतो. पुराव्यासाठी २००९ सालचा एक अभ्यास पाहावा. लंडनच्या नीना मोदी आणि याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय काढले. झोपलेल्या तान्ह्याला यंत्रात घालून, काप काप करून चरबी मोजली. पुण्याची बाळं हलकी होती, आणि तरीही त्यांच्या पोटाच्या आत आणि पोटावर चरबी जास्त होती. पोट सोडून बाकी अंगावरची, कातडीखालची चरबी कमी होती. एकूण बेरीज कदाचित पेटीत फारशी वेगळी भासणार नाही. पण बेरजेने कुठल्या खात्यात किती ठेवलं हे कळत नाही.

आणि मराठीत बाळसं म्हणतात ते गालांवर, मनगटाच्या वळ्यांवर, मांड्यांवर बघतात. पोटाच्या आतल्या चरबीला आजीने कधी बाळसं म्हटलेलं नाही.

एका बाबतीत दोन्ही गावांचं एकमत झालं, आणि तीही अनपेक्षित जागा: बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या खेड्यांतल्या दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ते कमी होतं. दूध-मांस फारसं परवडत नाही किंवा खात नाहीत, हे उघड कारण. २००८ साली याज्ञिकांनी दाखवलं की बी-१२ कमी पण फोलेट जास्त असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. फोलेटच्या गोळ्या तर सरकारच वाटतं, चांगल्या हेतूने. त्याच्या दोन वर्षं आधी सेंट जॉन्सने बंगळुरूच्या शहरी आयांत बी-१२ कमी असेल तर बाळ पोटात खुरटतं असं छापलं होतं. मग दोन्ही ठिकाणी बी-१२ च्या चाचण्या झाल्या: बंगळुरूने गरोदर बायकांना रोज ५० मायक्रोग्रॅम दिलं, पुण्याने त्याच खेड्यांतल्या, आता स्वतः वयात आलेल्या मुलांना २०१२ पासून, लग्नाआधीच, द्यायला सुरुवात केली. चिमटीत मोजली गेलेली बाळं आता आई-बाप व्हायला निघाली होती.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा याज्ञिकांच्या गटाने त्यांना पुन्हा बोलावून ग्लुकोजचं पाणी पाजलं. ६१९ जण आले. जवळपास निम्म्यांचा, ४८ टक्क्यांचा, बीएमआय १८.५ च्या खाली. कुठल्याही मापाने काटकुळी पोरं. ग्लुकोजच्या कसोटीत मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के नापास झाले. मधुमेहाच्या उंबऱ्यावर १८४ जण, एक जण उंबरा ओलांडून आत. २०२१ साली हे ‘डायबेटोलॉजिया’मध्ये छापून आलं.